बिऱ्हाडाचे तुकडे

घर हलवायचं ठरलं की माणसं सगळ्यात आधी काय बांधतात, ठाऊक आहे? नव्या घरी जे सगळ्यात आधी लागणार असतं, ते. चहाचं पातेलं, आजोबांच्या गोळ्या, देव. महत्त्वाचं म्हणून आधी बांधायचं, आधी बांधलं म्हणून टेम्पोत आधी चढवायचं. आणि टेम्पोत जे आधी चढतं ते सगळ्यात शेवटी उतरतं. मग नव्या घरात सगळी मंडळी गाद्यांच्या वळकट्यांवर बसून चहाची वाट बघतात. पनवेलमध्ये इतकी वर्षं मी लोकांची बिऱ्हाडं हलवली, वकिलांची हलवली, शिक्षकांची हलवली, माल वाहतूक कंपनीतल्या एका मॅनेजरचंसुद्धा हलवलं. सगळ्यांचं पातेलं तळाशी.

मी या धंद्यात आले ती फोन उचलायला. एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला युसूफभाईंचा गाळा होता आणि गाळ्यासमोर त्यांचे टेम्पो उभे असायचे. युसूफभाई पक्के पनवेलकर. बोलणं मराठीत, वैतागणं उर्दूत. फोनवर "सामान किती आहे?" विचारलं की लोक म्हणायचे, "फार काही नाही हो." या 'फार काही नाही'त कधी शिसवी पलंग निघायचा, कधी लोणच्याच्या बरण्यांनी भरलेली अख्खी खोली. म्हणून मी आधी जाऊन घरं बघायला लागले. मग हमालांना कामं वाटून द्यायला लागले. एक दिवस भाईंनी पाटी नव्याने रंगवून घेतली, तर तिच्यावर त्यांच्या नावाखाली माझं नाव. मला विचारलंसुद्धा नव्हतं. "पूछना क्या था, सुनंदाताई? काम तर तुम्हीच करता," म्हणाले.

तेव्हा आमची पद्धत सरळ होती. गाडी लावायची, जे हाताला लागेल ते उचलायचं, भरायचं, न्यायचं, उतरवायचं. काचेला तडा नाही, लाकडाला ओरखडा नाही, यातच आमचा अभिमान.

मग आले दातारसाहेब. तळोज्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. जुन्या पनवेलमधलं घर सोडून खांदा कॉलनीत फ्लॅटमध्ये चालले होते. सकाळी सामान, दुपारी वास्तुपूजा असा बेत. सामान वेळेवर पोचलं. गुरुजीही वेळेवर आले. पण देवांचा डबा आणि दूध उतू घालायचं पातेलं होतं ड्रायव्हरच्या पाठीशी, तळाला. त्याच्यापुढे दोन कपाटं, त्यांच्यापुढे फ्रीज, फ्रीजपुढे सोफा. त्यातच इमारतीच्या सेक्रेटरींनी येऊन सांगितलं की दुपारी लिफ्टमधून सामान न्यायला बंदी आहे. गुरुजी खिडकीपाशी उभे राहून पुढच्या यजमानांना फोनवर म्हणत होते, "निघालोच." दातारकाकूंचे डोळे भरून आले. शेवटी खालच्या मजल्यावरच्या अनोळखी बाईंनी आपला प्रेशर कुकर दिला आणि त्यात दूध उतू घातलं. काकू मग हसल्या. साहेब मात्र टेम्पो रिकामा होताना शेवटपर्यंत बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते गाळ्यावर आले. मी मनाची तयारी करून बसले होते. ते समोरच्या स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "बाई, सामानाला ओरखडा नाही. तुमची माणसं उत्तम आहेत. पण तुमच्या कागदावर काय लिहिलं होतं, दाखवाल?"

मी कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, 'दातार यांचे सामान हलवणे.'

"बघा," ते म्हणाले, "हे काम नाही. हा डोंगर आहे. याला हात कुठे घालायचा, हे तुमच्या माणसाला कळणार कसं?" आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून एक पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. खिशात मावेल एवढीच. त्यांच्या कारखान्याने केव्हातरी फोरमन लोकांसाठी मराठीतून छापून घेतली होती. मुखपृष्ठावर तेलाचा डाग होता.

त्या पुस्तिकेची भाषा अशी होती की ती वाचण्यापेक्षा फ्रीज जिन्यावरून चढवणं सोपं. पहिल्याच पानावर होतं, 'प्रकल्पाचे विघटन करावे.' मी मोठ्याने वाचलं.

"विघटन?" युसूफभाई दचकले. "ते तर मुडद्याचं होतं ना ताई?"

पण मी चिकाटीने वाचली. दुपारी फोन थंडावले की एकेक पान. एकदा भाषेची साल काढली की आतला गर साधा होता. पहिलं म्हणजे काम सुरू करण्याआधी विचारा, ते संपलं हे कशावरून कळणार? मग मोठ्या कामाचे तुकडे करा, तुकड्यांचे तुकडे करा, एका माणसाला एका दमात करून 'झालं' म्हणता येईल इथपर्यंत. प्रत्येक तुकड्यापुढे एकाच माणसाचं नाव लिहा. दोघांचं लिहिलंत तर ते कोणाचंच नाही. आणि शेवटी, कुठला तुकडा कुठल्या तुकड्याची वाट बघतोय ते शोधा. दातारांच्या घरी अख्खी पूजा एका पातेल्याची वाट बघत होती आणि पातेलं सोफ्याची. एवढं आम्हाला आदल्या दिवशी दिसलं असतं तर गुरुजींची सुटका झाली असती.

प्रयोग आधी घरी केला. दिवाळी तोंडावर आली होती. आमच्याकडे साफसफाई म्हणजे दसऱ्यापासून माझ्या छातीवर बसलेला धोंडा आणि आमच्या ह्यांच्या लेखी 'बघू रविवारी.' मी फ्रीजवर कागद लावला. 'साफसफाई' हा शब्दच लिहिला नाही. लिहिलं, 'माळ्यावरची निळी पेटी खाली काढणे.' ह्यांनी दुधाची पिशवी काढताना ते वाचलं, म्हणाले, "एवढंच ना?" आणि चहाच्या आधी पेटी खाली. लग्नानंतर प्रथमच दिवाळीच्या कामातलं काहीतरी माझ्या तोंडून शब्द न निघता झालं होतं. मी फारच हुरळले. चकल्यांचेसुद्धा तुकडे पाडले, भाजणी चाळणे, मोहन तापवणे, सोऱ्याला आतून तेल लावणे, आणि असंच पानभर. मुलीने कागद वाचला आणि खाली पेनने लिहिलं, 'आईने श्वास घेणे.' तेव्हा कळलं की भाकरी मोडायची ती घास होईपर्यंत. तिचं परत पीठ करायचं नाही.

गाळ्यावर ही नवी रीत रुजायला वेळ लागला. हमाल हसले. युसूफभाई म्हणाले, "सामान उचलायला किताब? माझ्या अब्बांनी अख्खी गिरणी उचलून नेली, बिना किताब." पण पहिला प्रश्न त्यांनाही आवडला, कारण त्याची उत्तरं भलतीच मजेदार यायला लागली. "तुमचं काम संपलं हे कधी म्हणायचं?" असं मी प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारायचे. कोणी म्हणायचं टीव्ही लागला की. एका सासूबाई म्हणाल्या, सुनेची खोली माझ्या खोलीपासून लांब लागली की. माशांची मोठी टाकी असलेले एक गृहस्थ तर म्हणाले, "माझ्या माशांनी नव्या घरी खाल्लं की." आणि खरोखर, टाकी लावून झाल्यावर ते तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. बायको विचारतेय पलंग कुठे लावू, हे तोंडावर बोट ठेवताहेत. आम्ही सगळे जिन्यात चवड्यावर उभे. अखेर एका माशाने दाणा टिपला. गृहस्थ उठले आणि त्यांनी सगळ्या हमालांशी हात मिळवला.

पुस्तिकेची खरी परीक्षा झाली ती डॉक्टर सबनीसबाईंच्या वेळी. जुन्या पनवेलमध्ये तळ्याजवळच्या एका अरुंद गल्लीत त्यांचं प्रसूतिगृह होतं. निम्मं पनवेल तिथे जन्मलेलं. त्यांनी रुळांच्या पलीकडे, नवीन पनवेलला मोठी जागा घेतली होती.

"सुनंदाताई, एक अट आहे," बाई म्हणाल्या. "दवाखाना एक दिवससुद्धा बंद राहणार नाही. बाळांना तारखा कळत नाहीत."

मी माझा प्रश्न विचारला. संपलं हे कशावरून कळणार?

त्यांनी चष्मा काढला. थोडा विचार केला. "नव्या जागेत पहिलं मूल रडलं की."

हे कागदावर लिहायचं तरी कसं, असं आधी वाटलं. पण खरं सांगते, त्या एका वाक्यानेच काम सोपं केलं. खाटा, खुर्च्या, जुनी केसपेपरांची कपाटं, हे सगळं मागे गेलं. मूल रडायचं तर काय काय लागतं, तिथून आम्ही उलटे चालत आलो. प्रसूतीचं टेबल. नव्या बाळाला ऊब देणारं यंत्र, त्याला वीज, वीज गेली तर जनरेटर. आणि उकळून निर्जंतुक केलेल्या अवजारांचा स्टीलचा डबा. त्याला तिथे सगळे ड्रम म्हणायचे. दवाखान्यात दोन टेबलं होती. मी ठरवलं की एक आधी जाईल आणि नव्या खोलीतून सिस्टरचा 'तयार आहोत' असा फोन आल्याशिवाय जुन्या खोलीतल्या दुसऱ्याला हात लागणार नाही. ड्रम टेम्पोत जाणारच नाही. मी लिहिलं, 'ड्रम मांडीवर घेऊन रिक्षात बसणे,' आणि पुढे नाव घातलं शांतामावशींचं. मावशी तिथल्या सगळ्यात जुन्या आया. डॉक्टरबाई ते वाचून खूप हसल्या. "मांडीवर घेणे हेसुद्धा काम?" मावशींना मात्र हसू आलं नाही. त्यांनी आदल्या दिवशी रिक्षावाला ठरवून टाकला.

शेवटचा तुकडा होता, 'जुन्या दारात उभे राहणे.' सगळं हलल्यावरही कोणीतरी जुन्याच पत्त्यावर येणार, हे उघड होतं. नुसती पाटी लावून भागत नाही. कळा सुरू झालेली बाई पाट्या वाचत नाही. हे काम युसूफभाईंनी स्वतःकडे घेतलं. "उभं राहायला किताब लागत नाही," म्हणाले.

रविवारचा दिवस निवडला. सकाळी सगळं सुरळीत. ऊब देणारं यंत्र लागलं, दिवे लागले, मावशी आणि त्यांचा ड्रम रिक्षातून उतरले. सिस्टरने फोन केला आणि जुन्या जागी आमच्या माणसांनी दुसरं टेबल उचललं. ते गल्लीच्या तोंडाशी पोचतं न पोचतं, तोच एक रिक्षा आत घुसली. आत तळोज्याच्या बाजूची एक मुलगी, चेहरा घामाने थबथबलेला, शेजारी तिची आई. आणि गल्लीत मध्येच आमचा टेम्पो, त्यावर ते टेबल, पाय वर करून.

मी तेव्हा नव्या जागी होते. हे सगळं मला नंतर तिच्या आईकडून कळलं. दवाखाना रिकामा पाहून त्यांनी रडायलाच सुरुवात केली. तेवढ्यात दारातून युसूफभाई आले. म्हणाले, "अम्मा, घाबरू नका. दवाखाना इथेच आहे, फक्त थोडा पुढे सरकलाय." त्यांनी टेम्पो मागे घ्यायला लावला, स्वतः रिक्षावाल्याशेजारी अर्धं बूड टेकवून बसले आणि पूल पार करेपर्यंत बाहेर डोकं काढून 'हटो, हटो, बच्चा येतोय' असं ओरडत आले. रविवारचं पनवेल बाजूला झालं.

आम्ही खाली खुर्च्या उतरवत होतो. वरून डॉक्टरबाईंचा आवाज येत होता, मग तोही थांबला. सगळ्यांचे हात आपोआप थांबले. आमचा एक हमाल डोक्यावर गादी घेऊन तसाच उभा. आणि मग ते रडणं आलं. बारीक, चिडकं, अगदी ठणठणीत. हमालाने गादी टाकली आणि टाळ्या वाजवल्या. युसूफभाई जिन्याच्या पायरीवर बसून रुमालाने तोंड पुसत होते. मी म्हटलं, "भाई, झालं." ते म्हणाले, "कसं झालं? कपाटं कोण लावणार?" मुलगी झाली होती. बाईंनी बाळंतपणाच्या बिलावर रेघ मारली आणि मावशींनी पेढे आणायला युसूफभाईंबरोबर आलेल्या रिक्षावाल्यालाच पिटाळलं.

त्यानंतर आमचं नाव झालं. शाळा हलवली, छापखाना हलवला. मला वाटायला लागलं की आता जगात अशी गोष्ट नाही जिचे मला तुकडे करता येणार नाहीत. अशा भ्रमात माणूस फार दिवस राहत नाही.

विमानतळाच्या जागेत जी गावं गेली, त्यातल्या एका गावातून फोन आला. गावाचं नाव लिहीत नाही. लिहून तुम्हाला तिथे जाता येणार नाही. रमेश नावाचा मोठा मुलगा बोलत होता. उलव्याला त्यांनी नवं घर बांधलं होतं. सामान बांधून तयार होतं. "फक्त आई तेवढी राहिलीय," तो म्हणाला.

मी गेले तेव्हा त्याची आई, हिराबाय, ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. नवऱ्याबरोबर जन्मभर मिठागरात राबलेली, रापलेली, ताठ पाठीची म्हातारी. आणि गावाची धवलारीण. म्हणजे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी, धवले, गाणारी बाई. तिच्या गाण्याशिवाय त्या गावात लग्न लागलेलं नव्हतं. मला वाटलं, समजावू, गोड बोलू.

"आजी, आधी तुमची खोली लावून देऊ. तुमची खाट, तुमचा—"

"मी काय कपाट हाय का गो, उचलून ठेवाला?" ती म्हणाली.

रमेश कपाळाला हात लावून आत गेला. मी पायरीवर बसले. गल्लीत समोरासमोर चार दारं. समोरच्या घरातली म्हातारी दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. मी तोच सवयीचा प्रश्न विचारला. "आजी, नव्या घरी काम संपलं, असं तुम्हाला कधी वाटेल?"

"तिथला तू कशाला इचारतेस? माजा इथलाच संपला नाय."

"काय राहिलंय इथलं?"

तिने समोरच्या दारांकडे पाहिलं. मग म्हणाली, "या गावाच्या सगल्या पोरी मी गाऊन धाडल्या. पोरगी दारातून भायेर पडते तवा तिला नुसती धाडत नाय. आता आख्खा गाव दारातून भायेर पडतंय. तेला कोन गाऊन धाडंल?"

घरी येऊन मी कागद पुन्हा वाचला. आमच्या कागदावर सगळं होतं, पंख्यांचे स्क्रूसुद्धा. हे नव्हतं. गल्लीतल्या बाकी तिन्ही घरांचं सामान त्याच आठवड्यात वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या टेम्पोवाल्यांकडून जायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या तिघांच्या दारात जाऊन बसले. सगळ्यांनी एकाच दिवशी निघावं, असं ठरवलं. युसूफभाई म्हणाले, "चार घरं एका दिवशी? तोबा!" आणि बोलता बोलता फोन काढून मेहुण्याचा टेम्पो मागवला.

त्या दिवशी सकाळी गाड्या भरून उभ्या होत्या. हिराबायने कोरं लुगडं नेसलं, ओटीवर बसली, बाकीच्या तीन घरांतल्या तिघी म्हाताऱ्या तिच्या भोवती. आणि तिने सुरुवात केली. ठरलेलं गाणं नव्हतं ते. ती जोडत जात होती. उंबऱ्याला गायली. मोरीच्या दगडाला, चिंचेला, मिठाच्या कोठाराला गायली. कुठल्या दारातून कुणाची पोरगी निघाली, त्या सगळ्यांची नावं घेतली. प्रत्येक ओळ तिघी उचलून धरायच्या. रमेश आधी घड्याळ बघत होता. मग त्याने चपला काढल्या आणि अंगणात मांडी घालून बसला. एका ड्रायव्हरने गाडी सुरूच ठेवली होती. युसूफभाईंनी जाऊन ती बंद केली आणि टोपी नीट करून उभे राहिले. किती वेळ गेला मी पाहिलं नाही. गाणं थांबल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि आमच्यावरच खेकसली, "काय बघत बसलाव? उचला आता!" आणि सगळ्यांच्या आधी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

एक रुखरुख मात्र राहिली. निघताना चारही घरं एकत्र निघाली, पण पोचली वेगवेगळ्या सेक्टरना. प्लॉट जिथे मिळाले तिथे. एकीला उतरवलं की गाडी वळायची, उरलेल्या मागे वळून बघायच्या. घराचे तुकडे करून ते पुन्हा लावता येतात, ते मी रोज करत होते. गल्ली कशी लावायची ते मला येत नव्हतं, कोणालाच येत नव्हतं. शेवटची म्हातारी उतरताना म्हणाली, "रिक्षानं येऊ आता एकमेकीकडं. मोठ्या मानसांसारखं."

आता युसूफभाईंचे गुडघे बोलतात, माझी पाठ बोलते. गाळा त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी चालवतात. कामाचे तुकडे आता मोबाइलवर असतात.

गेल्या हिवाळ्यात रमेशच्या मुलीची हळद होती. त्याने आग्रहाने बोलावलं. उलव्याला उंच इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडव, चहूकडे बांधकामाचे पडदे आणि क्रेन. मी पोचले तेव्हा एक रिक्षा येऊन थांबली आणि तिच्यातून तिन्ही म्हाताऱ्या एकमेकींना ढकलत उतरल्या. हिराबाय मध्यभागी बसली होती, पाठ अजून ताठ, हातात माइक. नातीच्या कपाळाला हळद लागली आणि तिने धवला धरला. बायका तिच्यामागून ओळ ओढू लागल्या.

तेवढ्यात वरून विमान आलं. अगदी खालून, पोटाखालचे दिवे दिसतील एवढं. मांडवाचं कापड थरथरलं, माइक घरघरला, कोणाला काही ऐकू येईना. हिराबायने ओळीच्या मध्येच हात वर केला. सगळ्या बायका थांबल्या. तिने मान वर करून विमान खाडीकडे जाईपर्यंत शांतपणे पाहिलं, जसं दारातून जाणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं तसं. आवाज विरला. मग तिने हात खाली आणला आणि जो शब्द सोडला होता त्याच्या पुढच्या शब्दापासून गाणं पुन्हा उचललं.